तासाला चार बस, तरी थांबा भरलेलाच

तासाला 4 बस म्हणजे कागदावर बरी सेवा. दर 15 मिनिटांनी एक बस आली, तर थांब्यावर कधीही या, सरासरी साडेसात मिनिटांत ती मिळेल. पण त्याच 4 बसमधली अंतरं 5, 5, 5 आणि 45 मिनिटं अशी पडली तर? तासातली 45 मिनिटं एकाच खिंडारात गेली. त्यामुळे थांब्यावर येणाऱ्या दर चौघांपैकी तिघं नेमके त्यातच सापडतात आणि सरासरी ताटकळणं साडेसतरा मिनिटांवर जातं. फेऱ्या मात्र चारच्या चार झालेल्या असतात!

याला चालकाचा आळस कारणीभूत असतो असं नाही. एखादी बस सिग्नलला जरा अडकली की पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते, चढ-उताराला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती पुढचीला गाठते. मग दोघी जोडीने धावतात. न्यूएल आणि पॉट्स या संशोधकांनी 1964 मध्येच हे गणिताने मांडलं होतं.

मुंबईत मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेली हजारो कुटुंबं वसवली गेली. इतरांचा प्रवास वेगवान व्हावा म्हणून उठवलेली ही माणसं! अशा वस्तीत बस चुकली तर परवडणारा दुसरा पर्याय क्वचितच असतो. ज्याच्या खिशात रिक्षाचे पैसे आहेत तो निघून जातो; धुणीभांड्याला जाणारी बाई थांबते आणि उशिराबद्दल बोलणीही तीच खाते.

म्हणून किती बस, किती किलोमीटर, एवढंच मोजून भागत नाही. बेस्टच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांचे ठेकेदाराला द्यायचे पैसे किलोमीटरप्रमाणे ठरतात. लंडनमध्येही कंत्राटी बस आहेत, पण वारंवार धावणाऱ्या मार्गांवर प्रवाशाला वेळापत्रकाच्या हिशेबापेक्षा किती जास्त थांबावं लागलं ते मोजतात आणि त्यावर ठेकेदाराचं बक्षीस किंवा कपात ठरते. मागची बस रखडली असेल, तर खिंडार पडू नये म्हणून तिच्या पुढे धावणारी बस ठरावीक थांब्यावर मुद्दाम मिनिटभर रोखून धरता येते. आत बसलेल्यांना राग येतो, पण पुढच्या थांब्यांवरच्या कितीतरी जणांचा वेळ वाचतो.

बेस्टची बस कुठे आहे हे आता मोबाइलवर दिसतं. त्याच नोंदींतून मार्गवार, थांबावार ताटकळण्याचा वेळ काढून दर महिन्याला जाहीर करावा, वस्त्यांच्या मार्गांसकट.