पेशी मेल्या, पण कोणत्या?

अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या, अशी बातमी आली की मला आधी शेजारच्या निरोगी पेशींची चौकशी करावीशी वाटते. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी मारणं सोपं आहे. त्या ब्लीचनेही मरतात.

सदाफुलीचंच पाहा. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तिच्या पानांचा अर्क उंदरांना देत होते, मधुमेहावर औषध सापडेल म्हणून. साखर जागची हलली नाही. अर्क टोचला तेव्हा मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. तपासलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार घटलेल्या! प्रतिकारशक्तीच्या पेशींची वाढ रोखणारा हा पदार्थ रक्ताच्या कर्करोगातल्या बेफाम वाढीलाही आवरेल, हे त्यांनी ओळखलं. १९५८ मध्ये विनब्लास्टिन जाहीर झालं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिका ते बांधूच देत नाही. म्हणजे औषध आणि दुष्परिणाम, दोन्ही एकाच कृतीतून आले.

आता प्रयोगशाळेतली बशी जवळून पाहू. तिला ९६ खळगे, प्रत्येकात काही हजार पेशी. अर्क घालून दोनेक दिवस ठेवायचं, मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा जितका गडद, तितक्या पेशी जास्त. गोम अशी, की अर्कातली काही पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींतली एक प्रकारची रसायनं, पेशी नसतानाही हा रंग जांभळा करतात. मग ‘लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) वाढल्या’ असं खुशाल छापून येतं. म्हणून काही खळग्यांत पेशींशिवाय नुसता अर्क ठेवून पाहावा लागतो.

दुसरा चकवा जिवाणूंचा. अर्कात त्यांच्या आवरणाचे अतिसूक्ष्म अंश उतरले, तरी जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी खवळतात आणि श्रेय वनस्पतीला मिळतं.

आणि ‘निरोगी पेशी वाचल्या’ म्हणताना तुलना कोणाशी केली? रक्तातून काढलेल्या लिम्फोसाइट सहसा विभागतच नाहीत, निवांत असतात. विभाजनावर घाव घालणाऱ्या अर्कातून त्या वाचल्या, यात नवल ते काय! खरी परीक्षा घ्यायची तर आधी त्यांना विभागायला लावावं लागतं. ते काम करणारं फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिनही वनस्पतीचंच, राजम्यातलं.

बशी ओलांडून शरीरात गेलं की गुंता वाढतो. इरिनोटेकॅन हे केमोथेरपीचं औषध मूळ एका चिनी झाडातल्या कॅम्टोथेसिनपासून बनलेलं. नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती औषधांचं विघटन करणारी यकृतातली विकरं चेतवते. २००२ मधल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना ही दोन्ही एकत्र दिली, तेव्हा इरिनोटेकॅनच्या क्रियाशील रूपाचं रक्तातलं प्रमाण ४२ टक्क्यांनी उतरलं.