भाजल्याची चव आणि मळ्याची चव: हा घोळ एकदाचा मिटवू

"चिकमगळूरची कॉफी ना, एकदम धुरकट, कडक, स्ट्राँग" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो ती चव चिकमगळूरची नाहीच, भट्टीची आहे. एथिओपियाची बी तेवढी काळी होईस्तोवर भाजा, तीही जवळपास तशीच लागेल.

अरेबिका-रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. रोबस्टात कॅफिन साधारण दुप्पट, चव जाड नि कडसर, आणि भारतात पिकते तीच जास्त. चिकरी तर कॉफीच नाही, एका झाडाचं मूळ आहे, पाकिटावर टक्के छापलेले असतात ते वाचायचे, विषय संपला.

खरी गोची भाजण्यात आहे. कच्च्या हिरवट बीला कॉफीचा वासच नसतो, सुकल्या गवताचा येतो. तापवली की आधी पिवळी पडते, मग तपकिरी, आणि १९५-२०० अंश सेल्सिअसच्या आसपास पहिला क्रॅक, म्हणजे बी तडकल्याचा आवाज, ऐकू येतो, चांगला ठळक. त्याच्या थोडं पुढे थांबलात तर फळाची आम्लं आणि नाजूक सुवास बऱ्यापैकी शाबूत राहतात, आणि मळा ओळखू येतो तो याच्यातूनच. तसंच रेटत २२० च्या पुढे गेलात की दुसरा क्रॅक, बारीक चटचट, बीचं तेल बाहेर यायला लागतं, आतली साखर करपते, मग मागे उरतो कडवटपणा, धूर, राख. वांगं जळगावचं असो नाहीतर बाजारातलं कुठलंही, आतपर्यंत कोळसा केल्यावर भरीत खाऊन कोण सांगणार?

आणि प्लीज, चकाकणारी तेलकट बी म्हणजे ताजी हे आता सोडा. मीडियम भाजलेली ताजी बी कोरडी, मॅट दिसते. तेल सुटलंय म्हणजे एकतर डार्क भाजलीये नाहीतर पडून आहे, कधीकधी दोन्ही. कडू म्हणजे कॅफिन जास्त हाही तसलाच गैरसमज.

मळ्याची चव मग कशी असते? केनियाची फळासारखी, झणझणीत आंबट. एथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातली धुतलेली (फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली) कॉफी मोगऱ्याच्या नि लिंबाच्या वासाची. सुमात्राची जड, ओल्या मातीच्या वळणाची, आंबटपणा कमी. आपली चिकमगळूर-बाबाबुदनगिरीची अरेबिका सौम्य, चॉकलेट-बदामाकडे झुकणारी, आंध्रातल्या अराकूची त्यामानाने जास्त फळकट. उंचीवर थंडी असते, फळ सावकाश पिकतं, बी घट्ट होते, मोठा फरक तिथून पडतो (जात आणि माती आहेतच). आपल्याकडे कॉफी सिल्व्हर ओकच्या सावलीत वाढते आणि त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात, म्हणून "कॉफीत मिरीची चव उतरते" असं लोक बिनदिक्कत सांगतात. मिरी मुळातून बीमध्ये चढत नाही हो! सावलीने फळ पिकायला वेळ लागतो, एवढाच तिचा उपकार.

मॉन्सून्ड मलबार हे प्रकरण तिसरंच. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या, बाजूंनी उघड्या गोदामांत बिया दमट वाऱ्यावर ठेवतात, त्या फुगून फिक्या पिवळ्या होतात नि आंबटपणा जवळजवळ निघून जातो. ही चव मळ्याचीही नाही, भट्टीचीही नाही, सरळ गोदामाची.

पटत नसेल तर एकाच इस्टेटची, म्हणजे मळ्याची, मीडियम आणि डार्क अशी दोन पाकिटं आणा. रोस्ट डेट, म्हणजे भाजल्याची तारीख, बघून हं, पॅकिंगची तारीख वेगळी, आणि जिथे नुसतं "बेस्ट बिफोर बारा महिने" लिहिलंय ते मी हातातही घेत नाही. भाजून चार-पाच दिवस झालेली असावी म्हणजे आतला गॅस जरा निघून गेलेला असतो, आणि महिन्याच्या आत संपवावी. प्रत्येकी १२ ग्रॅम जाडसर दळून पेल्यात टाका, वर २०० मिली पाणी, नुकतंच उकळून उतरवलेलं. चार मिनिटांनी वर तरंगणारा कॉफीचा थर चमच्याने मोडून काढून टाका नि थांबा, कारण कढत असताना जिभेला काही कळत नाही. कोमट झाल्यावर मीडियमच्या पेल्यातला आंबटगोडपणा वर येतो, डार्कचा पेला मात्र निवल्यावर आणखीच राखेसारखा लागतो.

दुधातल्या फिल्टर कॉफीला मी स्वतः डार्कच वापरते, दुधापुढे मीडियम लाजून बसते. पण त्यासाठी उंची नि इस्टेटचं नाव छापलेलं महागडं पाकीट कशाला, माटुंग्याला दळून देतात ती पीबेरी (फळात एकच गोल बी असते ती) मस्त चालते.