ड्रोन बॅटरी, फवारणीची

फवारणीच्या ड्रोनला वीज पुरवणारा, पुन्हा चार्ज होणारा लिथियम-पॉलिमर घटसंच. विदर्भात कापूस, सोयाबीन, तूर यांच्या फवारणीत तो रुळू लागला असून नमो ड्रोन दीदी योजनेमुळे (२०२३) महिला बचत गटांकडेही पोचला आहे.

या घटाचा उगम कोठे धरावा, याबाबत एकवाक्यता नाही. रसायनशास्त्रज्ञ पीटर राइट यांनी १९७५ मध्ये पॉलिएथिलीन ऑक्साइड (एक घन पॉलिमर) व क्षार यांच्या संयुगांतील विद्युत्‌ संवाहकता नोंदवली. रसायनशास्त्रज्ञ मिशेल आर्मां यांनी १९७८ च्या सुमारास ते पदार्थ बॅटरीत वापरण्याची कल्पना मांडली. काही अभ्यासक येथूनच इतिहास सुरू करतात. तथापि घन पॉलिमरातून नेहमीच्या तापमानाला आयनांचे वहन फार मंद होते, आणि बाजारातील घटांत बहुधा जेल किंवा द्रव विद्युत्‌ विच्छेद्यच (इलेक्ट्रोलाइट, आयन वाहून नेणारा पदार्थ) असतो. त्यामुळे सोनी कंपनीने १९९१ मध्ये विक्रीस आणलेल्या लिथियम-आयन घटाची ही मऊ वेष्टनातील शाखा मानणे अधिक सयुक्तिक दिसते. घटातील विद्युत्‌ विच्छेद्य ज्वलनशील असल्याने वेष्टन भोसकले, चेपले वा फुगले की धोका संभवतो.

एका घटाचा, म्हणजे सेलचा, विद्युत्‌ दाब सरासरी ३.७ व पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो. बारा सेलच्या संचात अनुक्रमे ४४.४ व ५०.४. उड्डाणात सेल ३.५ व्होल्टच्या खाली उतरू न देण्याचा प्रघात आहे. उतरलेली बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नये. सावलीत निवू द्यावी.

उड्डाणाच्या नियमांचीच चर्चा अधिक होते, पण विदर्भात नुकसान बहुधा बॅटरी नुसती पडून असताना होते. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हंगाम संपल्यावर पूर्ण चार्ज करून टिनाखाली ठेवलेला संच न वापरताच क्षमता गमावतो व फुगूही शकतो. साठवणीत सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा, जागा थंड व कोरडी. कोठ्यात (गोठ्यात), कुटाराजवळ (भुशाजवळ) किंवा पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगाशेजारी चार्जिंग करणे तर सर्वथा टाळावे. पेट घेतल्यास धूर विषारी असतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने ज्वाळा दबली, तरी आतली उष्णता कायम राहून आग पुन्हा भडकते. दुरून भरपूर पाणी मारून संच थंड करावा लागतो.

निकामी संच २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली येतो. तो भंगारात न देता विक्रेत्याकडे परत करावा.