हेडलाइट धुरकट झालेत: उन्हाने की ओलीने?

हेडलाइट अंधूक झाले की कुणीतरी टूथपेस्ट घासायला सांगतंच. पण आधी दोष काचेच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहा. बाहेरून ओला फडका फिरवा. ओलं असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि वाळताच पुन्हा धुरकट झाली, तर ते उन्हाचं काम. काहीच फरक पडला नाही आणि आत वाफ किंवा थेंब दिसत असतील, तर ती ओल.

पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर आत थोडी वाफ धरली तर घाबरू नका. हेडलाइटला हवा खेळायला बारीक छिद्रं ठेवलेलीच असतात. दिवे लावून गाडी चालवली की ती वाफ निघून जाते. थेंब साचून राहिले, तळाशी पाणी दिसलं, तर मात्र बल्बमागचं रबरी झाकण नीट बसलंय का ते आधी बघा, मग सील किंवा तडा. हे लांबणीवर टाकू नका, कारण ओलीने रिफ्लेक्टरची, म्हणजे उजेड पुढे फेकणाऱ्या आतल्या आरशासारख्या भागाची, चकाकी गेली की सहसा अख्खा हेडलाइटच बदलावा लागतो.

उन्हाची गोष्ट वेगळी. जुन्या अँबॅसिडर, पद्मिनीचे दिवे खऱ्या काचेचे होते, ते पिवळे पडत नसत. आताची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक: हलकं, सहसा न फुटणारं, पण अतिनील किरणांपुढे कच्चं. म्हणून कारखान्यातच त्यावर संरक्षक थर देतात. ऊन, रस्त्यावरची वाळू आणि धुळीवर फिरवलेला कोरडा फडका यांनी तो थर झिजतो, मग खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं. विदर्भातल्या उन्हात वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या गाड्यांकडे एकदा बघा.

टूथपेस्ट या पिवळेपणाला थोडी घासते, हे खरं. वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर) आणि रबिंग कंपाउंडने (घासून चकाकी आणणारी पेस्ट) तर काच लख्ख होते. पण घासताना उरलासुरला संरक्षक थरही जातो, आणि बरीच दुकानं नेमकं इथेच थांबतात. वर यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर, मारला नाही तर थोड्याच महिन्यांत काच पुन्हा पिवळी. पैसे देण्याआधी ‘पॉलिशनंतर वर काय लावणार?’ हे विचाराच.

गाडी नवी असेल तर यूव्ही रोखणारी पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावून घ्या. ती उडणारी खडीही झेलते; सिरॅमिक कोटिंगचा पातळ थर ते करू शकत नाही. काळपट फिल्म मात्र लावू नका, तिने रात्रीचा उजेडच कमी होतो.