डबल सिमने नोकियाला कसं हरवलं

आज फोन घ्यायचा म्हटलं की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि एआय आहे का इथूनच बोलणं सुरू होतं, पण आपल्याकडे 2003 मध्ये लोकांनी फोन घेतला तो टॉर्च बघून. नोकिया 1100. लाइट गेली की सी बटण दाबून धरायचं की झालं, कीपॅडवर अख्खं रबर त्यामुळे धूळ आत जायची नाही. जगभरात 25 कोटींच्या आसपास खपला तो.

मग एवढी मोठी कंपनी मागे पडली कशी? सगळे 2007 च्या आयफोनचं नाव घेतात, ते खरंही आहे, पण तालुक्याच्या बाजारात आयफोन होता कुठे हो. तिथे पहिला दणका दिला डबल सिमने. 2009 ला टाटा डोकोमोने सेकंदाला 1 पैसा दर आणला, मग बाकीच्यांनीही दर पाडले, आणि लोक दोन-दोन सिम ठेवायला लागले, जुना नंबर इनकमिंगला आणि स्वस्तातला आउटगोइंगला. माझ्याकडे एकाच सिमचा फोन, म्हणजे मागचं कव्हर उघडा, बॅटरी काढा, नखाने सिम सरकवा, परत चालू करा, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन येऊन गेलेला असायचा. शेवटी कव्हरची खाच तुटली आणि रबरबँड लावून वापरला. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा यांनी चीनमधून फोन बनवून आणले आणि लोकांची ही अडचण स्वस्तात सोडवली. नोकियाचे दोन्ही सिम एकदम चालू राहणारे फोन आले तेव्हा 2011 उजाडलं होतं!

तोवर अँड्रॉइड आलंच होतं आणि नोकिया फोन चालवणारी आपली जुनी सिम्बियन सिस्टीम सोडून गेली मायक्रोसॉफ्टच्या विंडोजकडे, माझ्या मते तिथेच चुकलं, कारण अ‍ॅप सगळी अँड्रॉइडवर येत होती. अर्थात सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठीचे नुसते चौकोन दिसायचे, ऑपेरा मिनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन बिटमॅप फॉन्ट, म्हणजे अक्षरं चित्रासारखी दाखवणारा पर्याय, चालू केला की मराठी वाचता यायचं, ते पहिल्यांदा जमलं तेव्हा काय आनंद झाला होता.

पण मायक्रोमॅक्सचंही पुढे तेच झालं. 2012 चा कॅनव्हास 2 दहा हजाराच्या आत मोठ्या स्क्रीनमुळे तुफान चालला, पण 2014 ला शाओमी ऑनलाइन सेलमधून उतरली आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओचं फोर-जी आलं तेव्हा आपल्या कंपन्यांकडे थ्री-जीचा माल पडून होता. 2017 संपताना शाओमी सॅमसंगच्याही पुढे गेलेली.

मला वाईट वाटतं ते श्रीपेरुंबुदूरचं. चेन्नईजवळचा तो नोकियाचा कारखाना 2006 ला सुरू झाला, हजारो पोरापोरींना तिथे काम होतं, आणि नोव्हेंबर 2014 ला बंद पडला. पाच वर्षांनी साल्कॉम्प कंपनीने ती जागा घ्यायचं ठरवलं, चार्जर बनवायला.