पवई तलावाजवळ बांधकाम : मैलापाण्याची जोडणी, सेप्टिक टँक आणि पाणथळीचे अंतर

मुंबईत मैलापाण्याचे जाळे वेगळे आणि पावसाच्या पाण्याचे वेगळे. पवईत हा फरक कळीचा आहे, कारण आजूबाजूच्या उतारावरचे नाले तलावात उतरतात आणि तलाव भरला की तेच पाणी मिठी नदीत जाते. सेप्टिक टँकचा पाइप गुपचूप पावसाच्या गटाराला जोडला, की घाण कुठे पोहोचते ते वेगळे सांगायला नको. म्हणून नकाशा काढण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा : आपले मैलापाणी कुठे जाणार?

त्याआधी जागा बांधण्याजोगी आहे का ते पाहा. महापालिकेकडून विकास आराखडा २०३४चे डीपी रिमार्क (आराखड्यात तुमच्या जागेची काय नोंद आहे ते सांगणारा दाखला) आणि नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. रिमार्कमध्ये आरक्षण, नाला, रस्त्याची रेषा असे सगळे कळते. पाणथळ क्षेत्राचे नियम मात्र वेगळे पाहावे लागतात. २०१७च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांप्रमाणे पाणथळीत भराव, कचरा आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी यांना बंदी आहे. मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत बोटींचा धक्का सोडून कोणतेही कायमस्वरूपी बांधकाम चालत नाही. हे दहा वर्षांचे गणित नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागे मोजायचे. मे महिन्यात पाणी ओसरलेले असताना काठावर टेप लावून घेतलेले माप इथे कामाचे नाही. पूररेषा दाखवणारा सर्व्हे हवा.

‘पवई तलाव माणसाने बांधलेला, त्याला हे नियम कशाला?’ असे सांगणारे भेटतात. तलाव १९व्या शतकाच्या शेवटी बांधला गेला हे खरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या जलाशयांना नियमांच्या व्याख्येत सूट आहे हेही खरे. तरीही मे २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच तलावाकाठचा महापालिकेचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवून काढायला लावला. खुद्द महापालिकेला जे जमले नाही, ते तुमच्या बिल्डरला जमेल यावर पैसे लावू नका. विहार तलावाच्या बाजूची जागा असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे, २०१६मध्ये अधिसूचित झालेले पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही तपासा.

आता अर्ज. तो जमिनीचा मालक, नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था किंवा मालकाने अधिकारपत्र दिलेला विकासक करू शकतो. भाडेकरूला मालकाच्या संमतीशिवाय जोडणीचा अर्ज करता येत नाही. नवीन इमारतीचा प्रस्ताव परवानाधारक वास्तुविशारदामार्फत इमारत प्रस्ताव विभागाकडे ऑनलाइन जातो. आयओडीच्या (बांधकामाला अटींसह मिळणाऱ्या प्राथमिक मंजुरीच्या) अटींमध्ये मलनिःसारण आणि पर्जन्य जलवाहिनी या दोन्ही खात्यांच्या अटी येतात. त्या वाचायचे काम वास्तुविशारदावर सोडून देऊ नका. जुन्या इमारतीची नवी जोडणी असेल तर विभाग कार्यालयात जायचे. पवईचा बराचसा भाग ‘एस’ विभागात आहे, चांदिवलीकडचा ‘एल’मध्ये. चुकीच्या कार्यालयात दिलेली फाइल परत येते तेव्हा पावसाळा तोंडावर आलेला असतो.

कागद साधारण हे : मालमत्ता पत्रक, मालमत्ता कराची पावती, संस्थेचा अर्ज असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव, मंजूर नकाशा, आणि परवानाधारक प्लंबरने सही केलेला ड्रेनेजचा नकाशा. या शेवटच्या नकाशावर चेंबर, पाइपचा व्यास, उतार आणि रस्त्यावरच्या मॅनहोलची पातळी दिसलीच पाहिजे. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली असेल, आणि तलावाच्या उतारावर तसे बऱ्याचदा असते, तर मैलापाणी पंपाने चढवावे लागेल हे तिथेच उघड होते. पंप आला की जनरेटर आणि देखभालीचा खर्च आला. रस्ता खोदण्याची परवानगी वेगळी.

१८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम २३१ सांगते की महापालिकेची मलवाहिनी शंभर फुटांच्या आत असेल तर आयुक्त तुम्हाला जोडणी करायला लावू शकतात. म्हणजे जवळ वाहिनी असताना ‘आमचा सेप्टिक टँक आहे ना’ हे उत्तर पुरत नाही.

वाहिनी खरोखरच दूर असेल तेव्हाच सेप्टिक टँकचा विचार. त्यासाठीचे भारतीय मानक आयएस २४७० : टाकी २,००० लिटरपेक्षा मोठी असेल तर दोन कप्पे, पहिला साधारण दोन तृतीयांश क्षमतेचा. शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, विहिरीपासून किमान १८ मीटर लांब. पण पवईची खरी अडचण टाकी नाही, शोषखड्डा आहे. टेकडीवर मातीचा थर पातळ, खाली बेसॉल्ट. पाणी मुरतच नाही. काठाकडे यावे तर पावसाळ्यात भूजल इतके वर येते की खड्डा आधीच भरलेला. म्हणून जमिनीत पाणी किती वेगाने मुरते याची चाचणी करून अहवाल जोडा, आणि ती पावसाळ्यातही करून घ्या. उन्हाळ्यातला आकडा फसवतो. चाचणीत जमीन नापास झाली तर छोटा मैलापाणी प्रक्रिया प्रकल्प हाच रस्ता.

बांधकामाचे एकूण क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही लागते.

काम झाल्यावर प्लंबरचे ड्रेनेज पूर्णत्वाचे प्रमाणपत्र घ्या. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ते मागितले जाते. जुनी टाकी बंद करत असाल तर आधी उपसून घ्या, मग भरा. उपसणी सक्शन टँकरनेच, त्यामुळे गाडी टाकीपर्यंत पोहोचेल एवढी वाट नकाशातच ठेवा. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवून सफाई करून घ्यायला हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा मनाई करतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काम कंत्राटदाराकडे दिले होते म्हणून काम देणारा सुटत नाही.