घरगल्लीपासून कुलूपबंद बोळापर्यंत

काळबादेवी, लोहार चाळ, मशीद बंदर या भागात दोन व्यापारी इमारतींच्या मधल्या फटीत डोकावलं की बहुतेक ठिकाणी तेच दिसतं. वर एसीच्या युनिटांची रांग, खाली पत्र्याची शेड, शेडखाली कापडाच्या गाठी नाहीतर पुठ्ठ्याचे खोके आणि रस्त्याकडच्या तोंडाला जाळीचं दार. दाराला कुलूप. किल्ली कुणाकडे म्हणून विचारलं तर दोन्ही इमारतींचे लोक एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार झाली की पहिला प्रश्न येतो, परवानगी कुणी दिली? त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ‘हाऊस गल्ली’ची रीतसर व्याख्या आहे. सांडपाण्याचा निचरा व्हावा आणि सफाई कामगारांना संडासापर्यंत पोचता यावं म्हणून राखलेली जमिनीची पट्टी, असा तिचा अर्थ. मराठीत तिला घरगल्ली म्हणू लागले. टोपलीचे संडास इमारतीच्या मागच्या अंगाला असत आणि मैला उचलणारी माणसं या चिंचोळ्या वाटेनं ये-जा करत. ज्यांच्यावर शहरानं हे काम लादलं होतं, त्यांच्यापुरतीच ती वाट होती. पुढचा दरवाजा मालकाचा आणि भाडेकरूंचा. मागच्या बोळाकडे कुणी आपला म्हणून पाहिलंच नाही. जमिनीखालून गटारं आली, टोपलीचे संडास गेले, तेव्हा बोळाचं कामही संपलं असं सगळ्यांनी धरून चाललं. माझ्या मते दुर्लक्षाची सुरुवात तिथेच झाली.

मधल्या मोकळ्या जागेला दुसरा अर्थ दिला तो प्लेगनं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी साथ ओळखली. दोन वर्षांत, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती फोडून रस्ते काढणं आणि घरांत उजेड-वारा आणणं हे त्याचं काम. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. सोप्या शब्दांत, समोर जेवढी जागा मोकळी, त्याच्या दुपटीपेक्षा इमारत उंच नको. आज नकाशावर ज्याला सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, म्हणतात, त्यामागे हा उजेडाचा विचार आहे. पण जुन्या बाजारपेठांत इमारती आधीच भिंतीला भिंत लावून उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये उरली होती ती घरगल्लीच.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, आणि तळमजल्यावरची हातभर जागाही पागडीवर देण्याजोगी झाली. बोळाच्या तोंडाशी आधी एक फळी, मग पत्रा, मग शटर.

पुढे पालिकेनं जुन्या बांधकामांसाठी एक रेषा आखली. बिगरनिवासी बांधकाम १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असेल तर ते सहन करायचं; निवासी असेल तर १७ एप्रिल १९६४. बोळातल्या शेडचा वाद निघाला की दुकानदार पिवळी पडलेली कागदपत्रं काढतो, मालमत्ता कराचा जुना उतारा, गुमास्ता, विजेचं बिल. या तारखेआधीचा एक कागद सापडला की शेड वाचते. बोळ कधीपासून खुला होता, याचा कागद मात्र कुणी जपलेला नसतो.

परवानगीची रचनाही तशीच आहे. आयओडी (नकाशाची सशर्त मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र, सगळं एका भूखंडापुरतं. नकाशात शेजारची इमारत म्हणजे नुसती एक रेघ. मोकळी जागा कमी पडली तर अधिमूल्य (प्रीमियम) भरून सूट मिळवण्याचीही वाट आहे. दोन शेजाऱ्यांनी अशी वेगवेगळी सूट घेतली तर मधल्या बोळाचं काय होईल, हे कुठल्याच फाइलीत एकत्र तपासलं जात नाही.

शेजाऱ्याच्या हाती उरते वहिवाट. १८८२ चा सुविधाधिकार कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. वीस वर्षं उघडपणे, शांततेनं आणि अखंड वापर असेल तर हक्क सांगता येतो. पालिकेच्या कायद्यातही, लोक जिथून वीस वर्षं अखंड ये-जा करत आले ती बोळवजा वाट ‘रस्ता’ ठरू शकते. म्हणजे आधार दोन्हीकडे आहे. तरी तक्रारीला उत्तर येतं, ‘सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने…’ आणि दिवाणी दावा तारखांवर चालत राहतो, कुलूप लटकलेलंच असतं.

या दिरंगाईचा सर्वात जास्त राग येतो तो आगीच्या वेळी. ९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवासला आग लागली आणि त्या आगीनं अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचा जीव घेतला. तिथली इमारत कोसळली होती. सगळा दोष बोळांवर टाकणं चूक ठरेल. पण त्या गल्ल्यांतून बंब आत नेणं म्हणजे काय असतं, हे तेव्हा शहरानं पाहिलं. बंबाला सहा मीटर रुंदीची वाट लागते. घरगल्लीत तो कधीच शिरणार नाही. मात्र पाण्याचा पाइप खांद्यावर घेतलेला जवान तिथून मागच्या जिन्यापर्यंत पोचू शकतो आणि वरची माणसं तिथूनच बाहेर पडू शकतात. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत बी फॉर्म, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, भरावा लागतो. तोही एकेका इमारतीचा. अग्निशामक नळकांडी, पंप, पाण्याची टाकी यांची नोंद होते, दोन्ही इमारतींचे फॉर्म वेळेवर जमा होतात, आणि मधल्या जाळीच्या दाराचा उल्लेख दोन्हींत नसतो.